एका वर्षात पाच छाटण्या

जाईची छाटणी वर्षातून एकदा करायची असते. माघात, थंडी ओसरायला लागली की. त्या वर्षी माझ्या वडिलांनी ती पाच वेळा केली.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. लातूरच्या आयटीआयमध्ये पोरांना सुतारकाम शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मूळ गाव चाकूरच्या बाजूचं, पण शेतीत त्यांचा जीव कधी रमला नाही. लातूरला कॉलनीत स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा मी आठवीत होते. माझी आई, म्हणजे आमची अव्वा, देवणीकडची. मोठ्या अंगणात वाढलेली. पहिल्याच उन्हाळ्यात ती वैतागून म्हणाली, "ह्या घरात मी भाकरी भाजायले का भाकरी मला भाजायलीय, तेच कळंना झालंय."

महिनाभरात अप्पांनी स्वयंपाकघराच्या मागच्या दारासमोर सागाचा मांडव उभा केला. सहा खांब, त्यांवर वासे, वाशांवर आडव्या पट्ट्या. खिळा एकही नाही. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत असं बसवलेलं की बोटाचं नख जाणार नाही. अव्वा माहेराहून ओल्या फडक्यात गुंडाळून जाईची काडी घेऊन आली आणि कोपऱ्यातल्या खांबाशी लावली. तीन वर्षांत वेलानं मांडव झाकून टाकला. मग अव्वाचं निम्मं आयुष्य त्याच्याखाली गेलं. ज्वारी निवडणं, शेंगा फोडणं, केस विंचरणं, आल्या-गेल्याशी बोलणं, सगळं तिथंच.

मांडव उभा करणं सोपं असतं, तो राखणं अवघड, असं अप्पा म्हणायचे. त्यांचं वर्ष ठरलेलं होतं. पाडवा झाला की लाकूड घासून त्याला जवसाचं तेल द्यायचं. "लाकूड मेलं तरी पाणी पितंय," ते म्हणायचे, "मनून पावसाच्या आधी त्याला तेल पाजायचं." मग खांबांच्या बुडाला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत डांबर, वाळवीसाठी. मृगाच्या आत जुना काथ्या सोडून नव्या काथ्यानं वेल बांधायचा, सैल, म्हणजे खोड जाड झालं तरी दोरी रुतत नाही. पावसाळ्यात पट्ट्यांवर साचलेला पाला काढायचा, नाहीतर बुरशी धरते. दसऱ्यानंतर प्रत्येक सांधा हातानं हलवून पाहायचा. आणि माघात छाटणी. आमच्याकडे नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी येत नसे, तेव्हा तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी वेलाला जायचं. जाईनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

मी नांदेडला एका शाळेत शिकवायचे. लग्न झालं होतं, टिकलं नाही, आणि त्याबद्दल इथं लिहिण्यासारखं काही नाही. धाकटा भाऊ हैदराबादला. दोन-तीन आठवड्यांतून एकदा मी शनिवारची एसटी धरून लातूरला यायची आणि रविवारी परतायची. अव्वा एका भाद्रपदात तीन दिवसांच्या तापात गेली. अप्पा तेव्हा रडले नाहीत. तेराव्या दिवशी पाहुणे गेल्यावर त्यांनी शिडी काढली आणि मांडवावरचा पाला झाडायला सुरुवात केली.

पुढच्या श्रावणात शेजारच्या काकूंचा फोन आला. मी मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते.

"येऊन जा गं एकदा," काकू म्हणाल्या. "तुझे अप्पा पावसात मांडवाला तेल लावायलेत. मी हाका मारल्या तर मला म्हणाले, पाडवा झाला की परवाच."

मी डबा तसाच बंद केला आणि निघाले.

डॉक्टरांनी अप्पांना तारीख विचारली, गाव विचारलं, घड्याळ काढायला सांगितलं. अप्पांनी पेन्सिलीनं सुरेख गोल काढला, कंपासशिवाय, आणि त्यात आकडा मात्र एकही लिहिला नाही. नंतर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. हे वाढत जाणार, मागं फिरणार नाही, एवढंच त्यातलं माझ्या लक्षात राहिलं. दिवाळीच्या आत मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन लातूरला आले.

पहिले काही महिने मी त्यांना सारखी दुरुस्त करत राहिले. मी शिक्षिका होते, चूक दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. "अप्पा, हा कार्तिक आहे, आत्ता डांबर नाही लावायचं." "अप्पा, काथ्या कालच बांधला तुम्ही." ते माझ्याकडे ओशाळून बघायचे, वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखे. तो चेहरा मला सहन होईना. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की जेवले की नाही हे त्यांना आठवत नाही, मी कोण हेही कधीकधी आठवत नाही, पण त्यांच्या हातांना मांडवाचं प्रत्येक काम येतं. फक्त कोणतं काम कधी, ते सुटून गेलंय. त्यांच्यापाशी वर्षातली सगळी कामं होती आणि वर्ष नव्हतं.

मग मी दुरुस्त करणं सोडलं. दुपारी ते झोपले की मी शिडीवर चढून त्यांनी सकाळी मारलेल्या काथ्याच्या गाठी सोडून ठेवायची. उठल्यावर ते वर बघायचे आणि म्हणायचे, "बघ, वेल सुटलाय. बांधाया पायजे." आणि खुशीत कामाला लागायचे. त्यांना फसवते आहे असं सुरुवातीला वाटायचं. नंतर तेही वाटेनासं झालं.

माघ आला. एका सकाळी त्यांनी आपणहून कात्री काढली, दगडावर घासली, आणि जाईची छाटणी केली. मी खाली उभी राहून फांद्या गोळा करत होते. काय छाटणी होती ती! वाळकं तेवढं गेलं, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या गेल्या, फुटव्याच्या डोळ्याच्या वर तिरका काप, सगळं जसंच्या तसं. मला वाटलं, डॉक्टर चुकले असतील.

आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा छाटणी केली. आणखी चार दिवसांनी पुन्हा. वेलावर आता पानं मोजकीच उरली होती. मी घाबरून कात्री ज्वारीच्या कोठीत खोल लपवली.

तो दिवस मला आठवायला नको वाटतो. सकाळपासून ते कात्री शोधत होते. कपाटं उघडली, अंथरुणं झटकली, देवघरात पाहिलं, तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिलं.

"माझं हत्यार कुणी नेलं गं?"

"मिळेल अप्पा. जेवा आधी."

"हत्यार न्हाई त्यो सुतार कसला?" असं म्हणून ते मागच्या पायरीवर बसले आणि मांडीवर दोन्ही हात उताणे ठेवून त्या हातांकडे बघत राहिले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही अर्ध्या भाकरीवर उठले. कात्री हवी होती हे ते तोवर विसरले असतील, पण आपलं काहीतरी गेलंय हे विसरले नव्हते. तिसऱ्या दिवशी मी कोठीत हात घातला, कात्री काढून पुसली आणि त्यांच्या हातात दिली. जाई चिवट असते, फुटेल पुन्हा, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांनी त्याच दुपारी चौथी छाटणी केली आणि संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या.

पाचवी फाल्गुनात झाली. मी गंजगोलाईच्या बाजारात गेले होते, त्यांची औषधं आणि भाजी आणायला. जाताना ते मांडवाखाली बाजेवर झोपलेले होते. काकूंना लक्ष ठेवायला सांगून गेले होते, आणि काकूंनी दोनदा भिंतीवरून डोकावून पाहिलंही होतं, तेव्हा ते झोपलेलेच होते. ऑटो मिळायला वेळ लागला. घरी आले तेव्हा अप्पा जमीन झाडत होते. सागाचा नव्हे, पांढरट ओला भुसा खराट्यापुढे होता. कोपऱ्यातल्या खांबाशी जाईचं खोड, माझ्या मनगटाहून जाड झालेलं, जमिनीपासून वीतभर वर करवतीनं कापलेलं होतं. काप अगदी सरळ होता. आणि त्या उरलेल्या बुंध्याला त्यांनी वरपासून मातीपर्यंत डांबर लावलं होतं. त्यांना तो खांबच वाटला असणार.

"झालं बघ सगळं," ते म्हणाले. "आता वाळवी शिवणार न्हाई."

मी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "हाव अप्पा. छान झालं."

ते झोपल्यावर मी चाकूनं ते डांबर खरवडलं. ओल्या लाकडात ते मुरलेलं होतं. पुढं दोन महिने मी त्या बुंध्याला पाणी घातलं, शेणमाती लावली, रोज सकाळी वाकून पाहिलं. काही फुटलं नाही.

वरचा वेल आठवडाभरात वाळला. उरलीसुरली पानं तपकिरी होऊन पडली आणि पट्ट्यांमध्ये गुंतलेल्या नुसत्या काड्या राहिल्या. एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन अप्पा वर बघत थबकले. मग त्यांची नजर खाली कोपऱ्यात गेली. कप खाली ठेवून ते त्या बुंध्याजवळ उकिडवे बसले.

"हे कुणी केलं?"

मी दारात उभी होते. पाठीमागं दूध उतू जायला आलं होतं.

"मी," मी म्हणाले.

"तू? कशाला?"

"कीड लागली होती, अप्पा."

"तुझ्या आईचा वेल हुता गं त्यो," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही, स्वतः माठाजवळ जाऊन ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरले होते. मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात ते चहा घेऊन मागं गेले, वर पाहिलं, आणि तोच प्रश्न आला. हे कुणी केलं? मी पुन्हा सांगितलं, मी. त्यांना पुन्हा तेवढाच धक्का बसला, पुन्हा तेच वाक्य. मग हे रोजचं झालं. त्यांच्यासाठी वेल रोज नव्यानं तुटायचा आणि तो मी तोडलेला असायचा. कुणी म्हणेल, चहा आत द्यायचा होता. दिला. ते कप घेऊन मागंच जायचे. चाळीस वर्षांची सवय होती.

भाऊ पाडव्याला आला. अप्पांनी त्याला ओळखलं, हाताला धरून मागं नेलं आणि सांगितलं, "बघ, तुझ्या अक्कानं काय केलं." भाऊ बुंध्याकडे पाहत राहिला. लहानपणी अव्वा संध्याकाळी जाई तोडायची, तेव्हा ओंजळ धरून तो खाली उभा असायचा.

"अक्का, तुझ्यावर सगळा भार पडतोय, मला कळतंय," तो म्हणाला. "मी काही करत न्हाई, तेबी कळतंय. पण अव्वाचा वेल? मला एक फोन तरी करायचास."

अप्पा आमच्या दोघांच्या मध्ये उभे होते, एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत. "हो, मीच तोडला. कीड लागली होती," मी म्हणाले. त्याला स्टँडवर सोडायला गेले तेव्हा सांगता आलं असतं. काकू घरी अप्पांजवळ बसल्या होत्या, आम्ही दोघंच होतो, गाडीला वेळ होता. पण तो वर्षातून दोनदा येणार, आणि त्याच्या मनातले अप्पा अजून धड होते. ते तसेच राहू द्यावेत असं मला वाटलं. माझ्यावर राग धरून तो गाडीत बसला. खिडकीतून त्यानं हात केला, पण बघितलं दुसरीकडे.

तो उन्हाळा वाईट गेला. उघड्या पट्ट्यांतून ऊन सरळ स्वयंपाकघरात यायचं. मी हिरवी जाळी आणून वर ताणली, तर अप्पांनी ती ओढून काढली. "मांडवाला फडकं कशाला? काय लगीन हाय का घरात?" आम्ही दोघंही हसलो. तेवढं एक हसणं त्या उन्हाळ्यातलं. वाळका वेल मी थोडा थोडा करून, ते झोपलेले असताना उतरवला आणि लांब नेऊन टाकला.

पाऊस पडल्यावर मी दोडका लावला. लवकर चढतो म्हणून. श्रावणात तो वर पोचला आणि अप्पांना काम मिळालं. काथ्याचे तुकडे कापून ते एकेक शेंडा हळुवार बांधायचे. संध्याकाळी पिवळी फुलं उमलायची. त्यातलं एक तोडून त्यांनी नाकाशी धरलं, पुन्हा धरलं, आणि मला म्हणाले, "औंदा जाईला वास न्हाई गं." मग तरीही ते फूल वाटीत ठेवून अव्वाच्या फोटोपुढं नेलं. तेव्हापासून त्यांनी वेल कुणी तोडला हे विचारणं बंद केलं. मांडव हिरवा होता, त्यांना तेवढं पुरलं.

दसऱ्यानंतर त्यांचे पाय गेले. मी आणि काकू मिळून त्यांना दुपारी मांडवाखाली बाजेवर आणून निजवायचो. एकदा मी त्यांची नखं कापत होते. ते शांतपणे वर बघत होते, आणि अचानक, पूर्वीच्या, आयटीआयमधल्या शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "पोरी, जाई मीच तोडली का गं?"

माझा हात थांबला. त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते. त्या क्षणी त्यांना सगळं कळत होतं, मी कोण तेही, अव्वा नाही तेही. खरं सांगायचं असतं तर तीच वेळ होती.

"न्हाई अप्पा," मी म्हणाले. "मी तोडली. कीड लागली होती."

त्यांनी डोळे मिटले. "मग बरं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्या हातानं झालं."

मी उरलेली नखं कापली. मार्गशीर्षात ते गेले. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. खड्ड्यात बसवताना कुणीतरी त्यांचे हात मांडीवर ठेवले, तळवे वर करून, आणि मला पुढं बघवलं नाही.

भाऊ दहा-बारा दिवस राहिला. सगळे विधी त्यानं नीट केले. नवव्या दिवशी दुपारी पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघं मागं बसलो होतो. दोडका वाळून गेला होता. त्यानंच विषय काढला. म्हणाला, "अक्का, त्या वेलाबद्दल मी तुला लई बोललो. जाऊ दे ते. काय जमलं असंल तुला एकटीला, तेवढं तू केलंस."

तो मला माफ करत होता. आणि ती माफी मला घेववेना. मी सगळं सांगितलं. कात्री, कोठी, करवत, डांबर, सगळं. रोजचा चहा. दसऱ्यानंतरचा तो प्रश्नही.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अप्पा झाडाला डांबर लावतील? आख्खी जिंदगी लाकडात गेली त्यांची."

"त्यांना कळत नव्हतं रे."

"तेच अप्पा मला स्वतः म्हणाले, अक्कानं तोडला. तूबी तिथंच हुतीस. हो म्हणालीस."

"त्यांच्यासाठी म्हणाले."

"आणि आता ते न्हाईत मनून..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन फाटकापाशी फोनवर बोलत राहिला. मी काकूंना साक्षीला बोलवू शकले असते. पण काकूंनाही मी तेच सांगितलं होतं, की वेल मी काढला. अप्पांच्या कानावर काही जाऊ नये म्हणून मी कॉलनीत सगळ्यांनाच तसं सांगून ठेवलं होतं. खोटं इतकं नीट बसवलं होतं की आता ते उचकटायला जागाच नव्हती.

भाऊ गेला. फोन करतो, आठवड्याला एकदा. पाणी आलं का, बीपीची गोळी घेतेस का, हे सगळं विचारतो. चांगला आहे तो. मांडवाबद्दल विचारत नाही, मीही सांगत नाही.

यंदा पाडव्यानंतर मी एकटीनं लाकूड घासलं. जवसाचं तेल कोमट करून फडक्यानं लावलं. शिडीच्या तिसऱ्या पायरीच्या वर मला आता चक्कर येते, म्हणून हात पोचतो तिथपर्यंतच लावते. खांब छान काळपट दिसतात. वरच्या पट्ट्या करड्या पडायला लागल्यात आणि मधल्या एकीला लांब चीर गेलीय. पावसाळ्याआधी कुणीतरी सुतार बघायला हवा, असं मी रोज ठरवते.